शेवटच्या बाईचा नंबर

"काढा तिचा नंबर! ऐकू येत नाही का तुम्हाला?" तिचा नवरा माझ्या अंगावर ओरडत होता, आणि ती बाई खाली रस्त्यात बसून दोन्ही हातांनी छातीवरचा नंबर दाबून धरत होती, "नाही ताई, काढू नका," आणि मी मध्ये उभी. अंगात ऑफिशियलचं जॅकेट, गळ्यात शिट्टी. तिला आत्ताच दुसऱ्यांदा उलटी झाली होती. नुसतं पाणी पडलं. ओठ पांढरेफटक.

पन्नास किलोमीटरची रेस होती. खडकवासल्याच्या पुढे धरणाच्या कडेने रस्ता जातो तिथे माझा पाण्याचा पॉइंट, आणि ती सगळ्यात शेवटची, तिच्या मागे कोणीच नाही. नवरा बाईकवरून तिच्या मागे मागे आलेला. जे पळत नाहीत त्यांना सांगते, तो नंबर म्हणजे पिना लावून छातीवर चिकटवलेला कागद. पण ऑफिशियलने तो काढून घेतला की रेस संपली. मग तुम्ही चालत शेवटपर्यंत गेलात तरी ते धरत नाहीत.

मी नववीपर्यंत शिकलेय. धायरीला राहते, लोकांकडे स्वयंपाक करते. त्यातल्या एका घरचे सर रेस भरवतात, तेच म्हणाले, रविवारी पाणी द्यायला येशील का. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. घरी विचारलं तर आमचे हे म्हणाले, "लोक पळणार, तू त्यांना पाणी देणार, आणि पोरीला कोण देणार?" तरी गेले. शेजारच्या मावशींकडे पोरीला ठेवलं आणि गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिकडे लोक थँक्यू म्हणायचे, हे एक असेल.

मग सरांनी ट्रेनिंगला बसवलं. एका शाळेचा वर्ग होता, कितीतरी वर्षांनी मी बाकावर बसले. ग्लास तळहातावर ठेवायचा, बोटांनी आवळायचा नाही. पळणाऱ्याला हात धरून चालवायचं नाही, मदत केली म्हणून तो बाद होतो. आणि नंबर काढायचा तो पळणारा स्वतः म्हणाला तर, नाहीतर डॉक्टर म्हणाले तर. आई, बाप, नवरा, कोच, कोणी कितीही रडलं तरी नाही. डॉक्टर जवळ नसले आणि जिवाला धोका दिसला, तरच पॉइंटच्या ऑफिशियलने ठरवायचं. मी हात वर करून विचारलं, "सर, धोका दिसला म्हणजे नक्की काय दिसलं?" सगळे हसले. सर म्हणाले, "दिसला की कळतं."

ही बाई आली त्या दिवशी पॉइंट पहिल्यांदाच माझ्या एकटीवर होता. आणि मला काही कळत नव्हतं.

शुद्ध आहे का बघायला प्रश्न विचारायचे असतात, ते विचारले. नाव सांगितलं तिने, बरोबर.

"आज वार कोणता, ताई?"

"रविवार. माझा एकटीचा."

"कुठे चाललाय?"

"शेवटपर्यंत."

"बघा, बघा, भ्रम झालाय तिला," नवरा म्हणाला.

"अहो, मला काही झालेलं नाही. तुम्ही घरी जा ना, तो उठला असेल."

"आत्ता आठवला का तो? पोर घरी टाकून इथे येऊन ओकतेय. छान." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग हिला काही झालं तर जबाबदार कोण? तुम्ही? द्या लिहून."

पोर घरी टाकून म्हणाला ना, ते तिला म्हणाला पण लागलं मला. माझी पण घरीच होती. सकाळी निघताना तिचं अंग गरम होतं, आणि मी मावशींना सांगितलं की कोमट आहे.

सरांना फोन लावला. अँब्युलन्स दुसऱ्याच टोकाला, तिकडे एक जण पडला होता, डॉक्टर त्याच्यापाशी. सर म्हणाले, "यायला वेळ लागेल. तू समोर आहेस, तुला काय दिसतंय?"

"सर, मला नाही कळत."

"मग तुला वाटेल ते कर. मी आहे पाठीशी." आणि रेंज गेली.

ती मला खालून बघत होती. हळू बोलायला लागली, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "ताई, थोडं बसू द्या, मग मी चालत जाईन. पहाटे उठून डबे करून पळायला जायचे मी. हे पहिल्यापासून म्हणतायत तुला जमणार नाही. आज नंबर गेला ना, तर परत मला पाठवणार नाहीत."

त्याला ऐकू गेलंच. "पाठवायला तू काय पार्सल आहेस?"

मग ती उठली. कोणाला न धरता उठली आणि चालायला लागली, आणि सरळ चालत होती हो, मी नीट बघितलं, सरळच चालत होती. मग थांबली. हात गुडघ्यांवर ठेवून वाकली. दम लागला म्हणून, का चक्कर आली म्हणून, मला काय माहीत? पुढे चढ. पुढच्या वळणापलीकडे ती मला दिसणार नव्हती. मागून तो ओरडला, "मॅडम!" आणि मी तिच्यापाशी गेले आणि पिना काढायला लागले.

वाटलं होतं भांडेल, हात झटकेल. तिने काहीच केलं नाही. स्वतःच हात बाजूला घेतले, लहान मूल कपडे बदलताना घेतं तसे. बाईकवर बसताना एवढंच म्हणाली, "त्यांचं ऐकलंत ना?"

मी नाही म्हटलं. बाईक गेल्यावर पण मी एकटीच नाही नाही म्हणत होते.

संध्याकाळी मी डॉक्टरांना विचारलं, मी थांबवलं ते बरोबर केलं का. ते म्हणाले, "बरोबरच. तशी जरा बसून, मीठ-साखरेचं पाणी घेऊन गेली असती तर पोचलीही असती कदाचित. सांगता येत नाही." पुढच्या मीटिंगला सरांनी मला उभं केलं, म्हणाले, हिने घाबरून न जाता निर्णय घेतला. टाळ्या वाजल्या. आता माझ्याकडे एकटीकडे तीन पॉइंट असतात, नव्या मुली मला मॅडम म्हणतात, आणि आमचे हे पण लोकांना सांगतात की बायको ऑफिशियल आहे.

दर रेसला मी सुरुवातीच्या गर्दीत तिला शोधते. बायकांचे चेहरे एकेक करून बघते. अजून एकदाही दिसली नाही.

मी तिचा जीव वाचवला का तिचं पळणं बंद केलं? मी त्याला घाबरले का तिच्यासाठी घाबरले? रात्र रात्र विचार करून माझा जीव दमलाय, मला एकटीला नाही सुटत हे. तुम्ही सांगा. तिथे तुम्ही असता, ती अशी वाकलेली, आणि तो मागे उभा, तर तुम्ही काय केलं असतं?