वच्छलाबाईंचा चारमिनारचा रुपया

वच्छलाबाईंचा माणसावर भरवसा म्हणून नाय. दूधवाला रोजचा, त्याच्या बापापासूनचा. तरी दूध आधी बोटावर टिपून बघणार, मग त्याच्या लेकराबाळांची चौकशी करणार. देवळात डोळे मिटले तरी एक अर्धा उघडा, चपलांकडं.

आईनं सासरी धाडताना मुठीत कोंबलेला निजामाच्या काळातला, चारमिनारची छाप असलेला चांदीचा रुपया त्यांच्याकडं होता. आईचं दुसरं काहीच नाय, फोटोसुद्धा नाय. दर लक्ष्मीपूजनाला त्याला दुधानं धुवायचं, हळदकुंकू वाहायचं, तसाच डबीत ठेवायचा. चारमिनारच्या कमानीत कुंकू गच्च बसलं, वरून रुपया काळाठिक्कर पडला. "काळी लक्ष्मी पुजू का आता?" म्हणत पैठणहून त्या नात तनुजाला घेऊन औरंगपुऱ्यात आल्या, जुनी नाणी विकणाऱ्या मुनीबच्या दुकानात.

"आजी, आधी फोटो काढून ठेवू?"

"नगं. फोटोवरून दुसरा पाडतेत."

मुनीबनं वाटीत बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी कोमट करून रुपया सोडला. "चिंच, राख, टूथपेस्ट, कायच लावायचं नाय मावशी. रगडायचं तर बिलकूल नाय. मळ आपोआप सुटंल. काळं थोडं राहील, राहू द्या. नाणी जमवनारे शौकीन लोग वही देखते."

"मंग तू काय करनार?"

"बैठूंगा."

"बसायचं काम तर माजा नवरा पन करायचा."

चहा आला. पाणी लालसर झालं. मुनीबनं रुपया उचलून मऊ फडक्यात नुसता दाबला. कमानी मोकळ्या, अक्षरं उघडी.

"ह्यो माजा नाय."

"आजी! समोरच बसलीस ना तू?"

"चहा घेतला तवा मान वळली माजी. माजा कुंकवानं भरल्याला व्हता."

"कुंकू इधर है मावशी, पानी देखो."

"कुंकू काय बाजारात मिळत नाय व्हय?"

बाईंनी रुपया त्याच्या हातून ओढून घेतला. आईचा रुपया गेला, हा वरून चांदी चढवलेला. त्यांनी पदराचा जरीचा काठ बोटाला गुंडाळला आणि घासायला घेतलं.

"अरे अरे, रगडू नका!"

हा का घाबरतोय? बाईंनी आणखी जोर लावला. काळं निघालं, खाली चांदी. आणखी घासलं, तरी चांदीच.

"खरा हाय," त्या हळूच म्हणाल्या. "खरा दिऊन खरा कोन चोरतंय? माजाच हाय."

मुनीबनं भिंग धरलं. जरीचे बारीक ओरखडे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "गया. आता याला कोनी शौकीन हात लावनार नाय."

बाईंनी त्याच्याकडं निरखून बघितलं. "कोनीच नाय?"

"कोनीच नाय मावशी."

"मंग लई बेस झालं," म्हणत बाईंनी रुपया उलटा केला आणि दुसरी बाजू घासायला लागल्या.