दवात वेचलेला कापूस

निजामी अमलात मी बोरीजवळच्या एका सरकारी प्रयोगशेतात वजनं टिपायला होतो. शेजारी शेजारी वाफे. अर्ध्यांत बाहेरून आणलेलं लांब धाग्याचं सरकारी बियाणं, अर्ध्यांत आपलं गावरान. कुठल्या वाफ्यात किती कापूस निघतो, एवढं तोलून लिहायचं. काम सोपं होतं आणि मला त्याचा माज होता. काटा कुणाच्या बापाचा नसतो, असं मी चारचौघांत म्हणायचो.

त्या हिवाळ्यात आमच्या मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे शेताच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, वेचणीच्या वेळा ठरवून दिल्या. सरकारी बियाण्याचा कापूस उजाडता उजाडता वेचायचा, गावरान दुपारच्या उन्हात. मी मान डोलावली. वेचणारी एक म्हातारी मात्र ओटी रिकामी करताना हसली. "आमी असा वल्ला माल बाजारात नेला तर आडत्या दारातूनच हाकलून देतो. तुमच्या सरकारला चालतंय व्हय?"

दवानं भिजलेला कापूस जड भरतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी शिकलेला, महिनाभर पाणीच तोलत होतो! त्या दिवसापासून मी सकाळचा कापूस ताडपत्रीवर वाळवू लागलो आणि चार वाजता पुन्हा काट्यावर घालू लागलो. गावरान सरस निघालं. वेचणी संपल्यावर ते आकडे मी साहेबांपुढं ठेवले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा मागवला. "बेटा, अहवाल हैदराबादेत लिहून तयार आहे. फक्त आकड्यांची जागा मोकळी सोडलीय. मलाही वरून हुकूम आहे." मग कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. इकडं आड, तिकडं विहीर. मी नोकरी सोडली तरी दुसरा कुणी हेच लिहिणार, ही सबब मी तिथंच शोधून ठेवली. खरं सांगतो, मी भ्यालो. त्यांना हवे होते ते आकडे लिहिले आणि खाली सही केली.

सरकारी बियाणं वाटायला झरी निवडली, आणि त्या आकड्यांचं पत्रक वाचून दाखवायला मला धाडलं, कारण झरी माझंच गाव. चावडीपुढं लोक हाताची घडी घालून बसले होते. सरकारी पोत्यावर कुणाचा भरवसा नव्हता, आणि मला मनातून तेच हवं होतं. मी वाचत होतो. तेवढ्यात माझा थोरला भाऊ उठला.

"वजन करणारा माझा भाऊ हाय. त्यो खोटं लिहायचा न्हाई. पयलं पोतं माझ्या घरी टाका."

मग एकेक माणूस उठू लागला. बरोबर आलेला शिपाई माझ्या तोंडाकडं बघत होता. मी पत्रकाची पुढची ओळ वाचली.

श्रावणात पावसानं लय ओढ दिली. गावरानानं तग धरला असता. सरकारी बियाण्याच्या झाडांनी पाती गाळून टाकली, बोंडं धरायच्या कळ्याच गेल्या. मी सुट्टी काढून गेलो तेव्हा दादा शेताच्या धुऱ्यावर बसला होता.

"काय चुकलं रं आमचं?" त्यानं विचारलं. "लोक मला इचारायलेत. तू शिकलेला हायस, तूच सांग."

मी आभाळाकडं बोट दाखवलं. "पावसानं दगा दिला, दादा."

"व्हय," तो म्हणाला, आणि तेच सांगायला गावात निघाला.