कॉलिनच्या उंचीचा स्टँड

"समीरभावजी, निनाद गेला… ऑफिसमध्येच, हार्ट अटॅक." एवढं बोलून वहिनींनी, निनादच्या बायकोनं, फोन ठेवला. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मला गाडी पुढे घ्यायचं सुचत नव्हतं.

निनाद आणि मी इथल्याच, गल्फमधल्या अल ऐनच्या शाळेतले. कॉलेजला कॅनडात गेलो आणि तिथल्या कॉलिन नावाच्या ताडमाड मुलाबरोबर रॉक बँड काढला. नाव 'विंटर टायर्स'. वाळवंटातल्या पोरांना बर्फाचं कौतुक, दुसरं काय. कॉलिन गायचा, मी बास गिटार वाजवायचो, निनाद ड्रम्स. गाणी इंग्रजी, पण सुरू व्हायची निनादच्या "एक, दोन, तीन, चार"वर. इंग्रजीत मोजलं की त्याचा हातच उचलायचा नाही. पबमधली गर्दी वाढत गेली, तिथल्या रेडिओवर आमचं एक गाणं लागलं आणि आम्ही हवेत तरंगायला लागलो.

मग एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायची संधी आली, नेमकी निनादच्या व्हिसाच्या आठवड्यात. सहा महिन्यांच्या आत इथे परत पाऊल टाकलं नाही तर रेसिडन्सी जाते, हे आम्हा गल्फच्या पोरांना पाठ असतं. रिहर्सलपायी पठ्ठ्यानं तिकीट ढकलत ढकलत शेवटच्या आठवड्यावर आणलं होतं. माझे आईबाबा तोवर पुण्याला परतले होते, त्याची आई मात्र अल ऐनला एकटी होती. कॉलिन म्हणाला, "एका शिक्क्यासाठी शो सोडतोस?"

"आईसाठी," निनाद म्हणाला आणि गेला.

आम्ही दुसरा ड्रमर घेतला. पहिल्याच गाण्यात तिघं तीन ठिकाणी सुरू झालो. त्या शोनंतर बँड फुटला आणि कॉलिन पुन्हा निनादशी बोलला नाही.

पुढे निनाद आणि मी इथेच गल्फमध्ये नोकरीला लागलो. अल क्वोजच्या गोदामांच्या भागात एक गाळा घेतला आणि रविवारी तिथे वाजवायला लागलो. "बाबा, यू गाइज आर सो लाउड," निनादची लेक कानांवर हात ठेवून सांगायची. गाळ्यात एक माइक स्टँड कायम कॉलिनच्या उंचीवर असायचा. मी चिडवायचो, "जिराफ येणार आहे का?"

"येईल रे, इन्शाल्ला."

मला कॉलिनचा राग होता, निनादला कधीच नव्हता. तसा माणूस मला दुसरा मिळायचा नाही.

निनाद गेल्याचं कॉलिनला मीच कळवलं. दोन दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला. तो आता शाळेत संगीत शिकवतो. समोर वाद्यं घेतलेली मुलं आणि कॉलिन मोजतोय… "एक, डोन, टीन, चार." खाली लिहिलं होतं, 'इतकी वर्षं असंच सुरू करतो. त्याला सांगायचं राहिलं.'

परवा धीर करून गाळ्यात गेलो. झाडलं, पुसलं, ड्रम्सवर चादर घातली. स्टँडला हात लावला नाही. कॉलिन पुढच्या महिन्यात येतोय.