चढावरचं भांडण

माझ्या आईइतकी भांडखोर बाई अख्ख्या सौंसरात दुसरी नाही, यावर आमच्या मोहल्ल्याचं एकमत होतं. आमच्याकडे एकमत व्हावं अशा गोष्टी फार नव्हत्या, त्यामुळे याचं श्रेय आईला द्यायलाच हवं. खरं तर घरात तिचा आवाज चुलीपासून दारापर्यंतही पोचत नसे. तिची भांडायची जागा ठरलेली होती. जिनिंगपासून आमच्या घराकडे येणारा चढ.

ही ऐंशीनंतरची, माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. बाबा जिनिंगात कामाला होते. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनपुढे उभं राहून हंगामभर कापूस टाकायचा, हे त्यांचं काम. संध्याकाळी तिथून निघणारी माणसं भुवयांपासून पायापर्यंत पांढरी असायची. ज्या तंतूंना अंगावर जागा मिळत नसे ते छातीत जाऊन बसायचे, आणि एकदा बसले की उठायचं नाव घ्यायचे नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि काम सोडायला सांगितलं. बाबांनी गोळ्या घरी आणल्या, सल्ला दवाखान्यातच ठेवला.

जिनिंगातल्या सगळ्या जुन्या माणसांना हा त्रास होता. तोंडाला ओला दुपट्टा आणि सुट्टी झाली की गुळाचा खडा, असे त्यांचे उपाय. बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची, आणि गंमत म्हणजे सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती सगळ्यांत जास्त आवळायची. "आपल्याले सुट्टी सोसतच नाही बाप्पा," बाबा म्हणायचे. ही मंडळी गप्पासुद्धा भागीदारीत मारायची. एकानं गोष्ट सुरू करायची, त्याचा दम संपला की शेजारच्यानं पुढे न्यायची. त्यामुळे बैलाची म्हणून सुरू झालेली गोष्ट हमखास कुणाच्या तरी सासूवर जाऊन संपायची.

फक्त मुकादमासमोर कुणी धापा टाकायचा नाही. मुकादम माणूस वाईट नव्हता. पण एखादा धापा टाकताना दिसला की तो फार मायेनं म्हणायचा, "आता आराम कर भाऊ," आणि त्या भाऊला जिनिंगाचं फाटक पुन्हा उघडत नसे. आणि हा मुकादम रोज संध्याकाळी सायकल हातात धरून आमच्याच चढानं घरी जायचा.

बाबांना तो चढ एका दमात चढवत नव्हता. सुरुवातीला ते काही तरी बघायच्या निमित्तानं थांबायचे. कुणाची भिंत बघ, कुणाची संत्र्यांची गाडी बघ. एकदा एका बकरीकडे ते इतका वेळ बघत राहिले की मालक बाहेर येऊन "घ्याची आहे का?" म्हणून विचारू लागला. बघण्यासारखं सगळं बघून संपलं तेव्हा आई मदतीला आली. ती संत्र्याच्या बगिच्यात निंदणाला जायची आणि परतताना चढाखाली बाबांना गाठायची. एका संध्याकाळी मध्यावरच्या कडुनिंबाशी बाबांचा श्वास अडकला, आणि मागून सायकलची घंटी वाजली. आईनं एकदम कमरेवर हात ठेवला.

"थांबा! आता इथंच फैसला होऊ द्या! मीठ आणाले सांगतलं होतं का नव्हतं?"

बाबांनी खोडाला हात लावून मान खाली घातली. बायकोचं ऐकून घेणाऱ्या माणसाचे खांदे वरखाली होतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुकादम हसत पुढे गेला.

तेव्हापासून रोज भांडण. मीठ झालं, मामाच्या लग्नातला मानापमान झाला, न घेतलेली ती बकरीसुद्धा झाली. बाबांना उत्तर द्यायची गरजच नव्हती. मोहल्ल्यातल्या बाया हळहळायच्या, "बिचारा! एक शब्द बोलत नाही." कुठून बोलणार?

मग मोहगावहून माझ्यासाठी स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगा शाळेत शिपाई. तो आणि त्याची आई मला बघून गेले. पण मध्यस्थ बाईनं निरोप आणला की पोरगी पसंत आहे, फक्त मायच्या तोंडाबद्दल भलतंच ऐकून राहिले ते लोक. बाबा म्हणाले, "आता तू बोलू नको. मी जातो कसाबसा." आईनं कबूल केलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी आईबरोबर बगिच्यातून येत होते. बाबा चढाखाली भेटले. आमच्या मागून पांढरी टोपी घातलेला एक वाळकासा, अनोळखी माणूस चालत होता. कडुनिंबापाशी बाबा थांबले. आई ओठ मिटून उभी राहिली. घंटी वाजली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटली. ती बोलली तर लग्न मोडेल याची होतीच, पण ती गप्प राहील याची जास्त होती.

आईनं कमरेवर हात ठेवला.

"एवढ्या वर्षांत माहं एक तरी ऐकलं का जी तुमी?" आदल्या दिवशीचं राहिलेलंही तिनं त्यातच घातलं. मुकादम लांबूनच म्हणाला, "वहिनी, सोडा आता त्याले," आणि सायकल ढकलत निघून गेला.

झाडाच्या पलीकडे तो टोपीवाला माणूस उभा होता. एक हात खोडावर, तोंड उघडं. आई त्याच्याकडे वळली.

"अन् तुमी काय पाहून राहिले? लोकाइच्या घरचा तमाशा आहे का हा?"

त्यानं मान खाली घातली. मग आईनं त्याच्या खांद्यांकडे पाहिलं. ते खांदे तिच्या ओळखीचे होते. आवाज तेवढाच ठेवून तिनं त्याला धारेवर धरलं. टोपी वाकडी काऊन आहे, रस्ता काऊन अडवला, सारं काही विचारलं. बाबा आणि तो, दोन आरोपी शेजारी शेजारी उभे. शेवटी आईकडचे विषय संपले आणि ती थांबली.

"बाई," तो माणूस हळूच म्हणाला, "अजून उलिसक बोला. माहा दम आला नाही अजून."

आई आणखी बोलली.

मग तो आमच्याबरोबर घरी आला, "जय भीम" म्हणून बसला आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "मी मोहगावचा. पोराचा बाप." आईच्या हातातली बशी कलली. मँगनीजच्या खाणीत त्याची वर्षं गेली होती, तेही त्यानं सांगितलं, पण ते आम्हाला सांगायची गरज नव्हती.

"हे भांडण पोरीले शिकवलं का?" त्यानं विचारलं.

"नाही जी," आई घाईघाईनं म्हणाली. "पोरगी लय गरीब आहे."

"मंग शिकवा. आमच्या घरी कोणालेच येत नाही."

लग्नानंतर पहिल्याच बाजाराला मी मामाजींबरोबर, म्हणजे सासऱ्यांबरोबर, निघाले. पायात नवी चप्पल, डोक्यावर पदर. परतताना चावडीसमोर मामाजी थांबले. पारावर चारचौघं बसलेली, सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. नव्या सुनेनं सासऱ्यासमोर वर मान करून बोलायची पद्धत आमच्यात नाही. मी पदर खोचला आणि कमरेवर हात ठेवला.

"मामाजी! थांबा तिथंच! मेथीची जुडी पाहून घ्याची नाही का?"

मामाजींनी खुशाल मान खाली घातली.

माझं नाव मोहगावात त्याच दिवशी खराब झालं, आणि बातमी बसनं सौंसरला गेली. पुढे माहेरी गेले तेव्हा मध्यस्थ बाई माझ्याआधी येऊन बसली होती. आईनं तिचं सगळं ऐकून घेतलं. ती गेल्यावर मला फक्त एवढंच विचारलं, "त्याइले पुरा दम येईपर्यंत बोलली ना?"