दोन्ही बाह्या डाव्या

थोरल्या जावेचं शिवणकाम उलटं करून आतून बघावं, असं गिऱ्हाईकं म्हणत. तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणायचे. दुकानात ती बेतायची, शिवायची. धाकटी जाऊ काजं-बटणं करायची.

थोरलीच्या दुखण्याची सुरुवात जिभेपासून झाली; ती टोचून बोलू लागली.

"माझी टेप लपवलीस ना?"

टेप तिच्याच गळ्यात होती. धाकटी हसली, तर तिनं अबोला धरला. मग झोप उडाली. मधूनच तोंडाची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडायचा, लगेच सैल पडायचा.

"वय झालं तिचं," थोरलीचा नवरा म्हणाला.

"तुमचंही झालंय, भाऊजी. तुमचा हात नाही उडत तो!"

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली.

एका दुपारी धाकटीनं बटणं लावायला शर्ट घेतला, तर दोन्ही बाह्या डाव्या. तिनं एक बाही उसवली, उरलेल्या कापडातून उजवी बेतली आणि गुपचूप लावून टाकली. पुढं कधी कॉलर उलटी निघे, कधी खिसा पाठीवर. ती झाकत राहिली. जावेच्या हाताला कुणी नाव ठेवलेलं तिला खपलं नसतं. दुकानाची अब्रू राहिली आणि दुखणं आतल्या आत वाढत गेलं.

शेवटी थोरली मशीनवरच फिट येऊन कोसळली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कामात चुका व्हायच्या?"

"छे! तिच्या हातून चूक? शक्यच नाही," नवरा म्हणाला.

थोरली पडल्यापडल्या धाकटीकडे बघत होती. तरी धाकटीनं सांगितलं: बाह्या, कॉलर, खिसे, हाताचे झटके, सगळं.

"चहाडखोर," थोरली पुटपुटली.

तपासण्या झाल्या. शरीराची राखण करणारी शक्तीच मेंदूवर उलटली होती, मेंदूला सूज होती. "लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण औषध आहे. आजच सुरू करू."

काही महिन्यांनी थोरली दुकानात आली. गिऱ्हाइकांची नावं अजून आठवत नव्हती. दुरुस्तीला आलेला एक शर्ट तिनं सवयीनं उलटा केला आणि बाहीवर बोट ठेवलं.

"हा टाका माझा नाही."

"नाही, जाऊबाई. माझा आहे."

"वाकडा आहे."

थोरलीनं सावकाश ती शिवण उसवली आणि सुई धाकटीच्या हातात दिली.

"घाल पुन्हा. आता माझ्यासमोर."