कॉयरच्या मिसना भेटायला

मुलगी आता मेलबर्नला असते. मध्यंतरी तिने फोनवर एका सिनेमाबद्दल सांगितलं. पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची एक शिक्षिका, तिच्यावर कोसळलेलं दुःख आणि शाळेतल्या मुलांचा कॉयर, म्हणजे समूहगानाचा ताफा. "आई, जस्ट लाइक अवर मिस," ती म्हणाली. आम्ही दोघांनी घरी तो पाहिला. नवरा डोळे पुसत होता, आणि मला भलत्याच ठिकाणी हसू येत होतं. कारण आमच्या सामोअन मिसच्या घरी मी खरोखर भेटायला गेले होते.

दुबईत मंदी आली तेव्हा आम्ही जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहत होतो. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या. मिस मुलीच्या शाळेत गाणं शिकवायच्या. उंच, धिप्पाड, कानामागे कायम फूल. कुणाच्या ना कुणाच्या बाबांची नोकरी जायची, मूल अर्ध्या वर्षातून भारतात परतायचं, आणि मिस उरलेल्यांना पुढे सरकवून कॉयर पुन्हा बसवायच्या. अशातच त्यांचे पती गेले. त्यांना गावी पुरून महिन्याभरात मिस परत आल्या, फुलासकट.

"शी इज फाइन, आई. शी सिंग्ज ऑल डे," मुलगी म्हणाली.

आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका वहिनींना हे पटेना. नवरा गेलेली बाई फाइन कशी असेल, बिचारीला रडायलाही कुणी नाही, आपण जाऊन यायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं. नियमही सांगितले. फिके कपडे घालायचे, चहा घ्यायचा नाही, निघताना 'येते' म्हणायचं नाही.

मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात माझा नवरा ऑफिसमधून भरदुपारी घरी आला होता आणि "खलास" एवढंच म्हणाला होता. आम्ही कुणालाच, मुलीलाही, सांगितलं नव्हतं. रोज सकाळी टाय लावून तो मॉलमध्ये जाऊन बसायचा. ऑफिसातून कधी वेळेवर आला नाही, मॉलमधून अगदी वेळेवर यायचा.

मिसचा फ्लॅट अल क्वोजची गोदामं ओलांडून पुढे होता. दार उघडलं तर आत हसण्याखिदळण्याचा आवाज, नारळाच्या दुधाचा वास. मिसचे भाऊ-भावजय आले होते. भिंतीवर पतींचा हार घातलेला फोटो होता, तेवढंच काय ते आमच्या ओळखीचं. आम्ही चेहरे पाडून बसतोय तोवर हातात भरलेल्या प्लेटा आल्या. आमच्यात अशा घरी खात नाहीत, असं वहिनींनी समजावून पाहिलं. मिस म्हणाल्या, तुम्ही उपाशी गेलात तर त्यालाच वाईट वाटेल. वहिनींनी दोनदा वाढून घेतलं.

मग ती तिघं गायली, आणि आता तुम्ही, म्हणाली. आम्हा दोघींना मिळून येत होती ती फक्त आरती. दुःखाच्या घरी आरती! वहिनी कुजबुजल्या, देव माफ करील, आणि त्यांनी सूर लावला. भावाने खालचा स्वर धरला, मिसनी वरचा. आमच्या मंडळात ती आरती इतकी सुरात कधी झाली नव्हती.

मिस माझ्याजवळ येऊन बसल्या. हळूच विचारलं, "तुझं कोण गेलं?"

कुणी नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नवऱ्याची नोकरी." आणि मी रडायला लागले. जिने नवरा पुरला होता, ती नोकरीसाठी रडणाऱ्या बाईला कुशीत घेऊन थोपटत राहिली.

परतताना टॅक्सीत वहिनींनी आधी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "आमच्यांचीही गेलीय. दिवाळीतच. कुणाला बोलू नकोस." मी बोलले नाही. माझी बातमी मात्र त्यांनी दोन दिवसांत मंडळभर पोहोचवली. शुक्रवारी फिक्या कपड्यांतल्या पाचसहा जणी माझ्या सोफ्यावर येऊन बसल्या. नवरा आतून बर्म्युडात बाहेर आला आणि अवघडून म्हणाला, "मी आहे अजून." मुलीला सगळं कळलं ते तेव्हा. ती फक्त "ओके" म्हणाली आणि बाबासाठी पाणी घेऊन आली.

त्यानंतर त्याचं मॉलमध्ये जाणं बंद झालं. दुपारी तो मुलीला कॉयरच्या तालमीला सोडायचा आणि तिथेच मागे बसून राहायचा. वार्षिक समारंभापर्यंत मुलं इतकी कमी झाली होती की मिसनी मागच्या रांगेत पालक उभे केले. तो त्यांच्यात होता, पार बेसूर. वहिनी त्याच्या शेजारी होत्या, त्यांचे यजमानही. पुढे त्याला अबू धाबीत काम मिळालं आणि आम्ही अल रीम आयलंडवर राहायला आलो. मिस आणखी काही वर्षं त्याच शाळेत शिकवत होत्या.