पावण्यांच्या घरातलं गारेगार

माझी गाडी सकाळची होती. कोल्हापूर स्टँडवर मुंबईच्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून मी उभी, आणि अप्पांचा पत्ता नाही. माझी आई, अव्वा, पदरानं नाक पुसत होती. माझा धाकटा भाऊ बसू बॅगा चढवायच्या सोडून ड्रायव्हरशी गप्पा मारत उभा. बस सुटता सुटता अप्पा आले. कारखान्यातनं तसेच उठून आले होते, हात कोपरापर्यंत मिठानं पांढरे. त्याच हातानं त्यांनी कागदात गुंडाळलेली गुळाची लहानशी ढेप खिडकीतनं माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "आता तिकडचंच घर तुजं. हिकडची काळजी करू नगंस."

शेजारच्या बाईला वाटलं, बाप लेकीला धीर देतोय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या नवऱ्याला, महेशला, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतनं थेट टेक्सासची नोकरी लागली होती, तो पुढं गेला होता आणि मी लग्नाचा हिरवा चुडा घालून त्याच्या मागं निघाले होते.

कारखाना म्हणजे आमचा गारेगारचा कारखाना. नाव मोठं, जागा केवढी तर दोन खोल्यांची. मधोमध मिठाच्या पाण्याची टाकी. ते पाणी यंत्रानं बर्फाहून गार करायचं, त्यात सरबतानं भरलेले पत्र्याचे साचे बुडवायचे, अर्धवट गोठलं की काड्या खोचायच्या. लवकर खोचली तर काडी आडवी पडते, उशीर झाला तर आतच जात नाही. ही वेळ अप्पांना कळायची आणि मला कळायची. बसूला कधी कळली नाही, कारण तो टाकीपाशी आलाच नाही. त्याला त्या गार वासानं म्हणे मळमळायचं. तालमीच्या कट्ट्यावर दिवसभर बसून मात्र कधी मळमळलं नाही.

शाळेतनं आले की दप्तर टाकून मी साच्यांशी. अप्पांनी मला चव शिकवली. गार झालं की गोडी मरते, म्हणून सरबत आधी जिभेला जरा जादाच गोड लागलं पाहिजे, मीठ चिमटीभर, लिंबू शेवटी. गाडेवाले माल घ्यायला आले की अप्पा माझ्या पाठीवर थाप मारून सांगायचे, ही माझी गिरिजा म्हणजे पोरगाच हाय. मी फुगायचे. कामाला मी पोरगा होते आणि द्यायच्या वेळी पोरगी, हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला.

बारावीनंतर मी एकदा म्हटलं होतं, अप्पा, कारखाना मी बघते. ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. हसले, आणि त्याच वर्षी माझ्यासाठी स्थळं बघायला लागले.

टेक्सासचं पहिलं वर्ष मी भिंतीशी बोलून काढलं. महेश सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. गाडी चालवता येत नव्हती, आणि तिथं पायानं चालणाऱ्या माणसाकडं लोक असं बघतात की याचं काहीतरी बिनसलंय. उन्हाळा मात्र ओळखीचा होता. अंगाची तल्खली व्हायची आणि मला गारेगारची इतकी आठवण यायची की राग यायचा. दुकानातलं आणून बघितलं. रंगीत बर्फ नुसता, चव नाही की चोथा नाही.

मग शेजारी ओफेलिया राहायला आली. मेक्सिकोची बाई, माझ्याहून वयानं मोठी, दणकट, हसरी. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं. एका दुपारी तिनं कुंपणावरनं मला काडीवरचं काहीतरी दिलं. आंब्याचं होतं, फोडींसकट, वर तिखट-मीठ-लिंबू. ती त्याला पालेता म्हणाली. मी एक घास तोडला आणि तिथंच कुंपणाला धरून रडले. बाईला वाटलं, तिखट लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या स्वयंपाकघरात. फळाचा गर थोडा गुळगुळीत करायचा, थोडा जाडसर ठेवायचा, कलिंगडाच्या, अननसाच्या फोडी साच्यात आधी उभ्या करायच्या म्हणजे बाहेरनं दिसतात. चिंचेच्या पालेतात ती एक तपकिरी खडा घालायची. मी तो नाकाला लावला. गूळ! लहानशी ढेपच की ती. अप्पांनी दिलेली ढेप मी वर्षभर डब्यात तशीच ठेवली होती. ती त्या दिवशी फोडली आणि पहिलं चिंच-गुळाचं पालेता केलं.

मधे एक घोळही घातला. तिचं बघून मला वाटलं, आंब्यावर तिखटच टाकायचंय ना, आपल्याकडं काय कमी आहे? आणि मी कोल्हापूरची. आमच्यात तिखट म्हणजे चटणी, आणि चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. दोन चमचे सढळ हातानं ढवळला. ओफेलियानं एक घास घेतला आणि मोरीकडं पळाली. पुढं महिनाभर माझ्या फ्रीजरमधल्या बर्फालासुद्धा लसणाचा वास येत होता. महेश म्हणाला, आता यात मटण टाक म्हणजे झालं. मग अव्वानं दिलेली नुसती संकेश्वरी मिरची कुटून, मीठ मिसळून टाकायला लागले, तेव्हा ओफेलियानं माझा हात हातात घेतला आणि दुसरं मागून घेतलं.

तिच्याही बापाचं पालेताचं दुकान होतं. ते तिचे भाऊ चालवतात. हे तिनं मला कलिंगड कापता कापता सांगितलं आणि मीही माझं सांगितलं. पुढं दोघी कापतच राहिलो.

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला कचेरीत नेलं. घर-कारखान्याच्या हक्कसोडावर सही करायला. आमच्याकडं बहिणींनी करायचीच असते, सगळ्या करतात, त्यात विचारायचं काय? बसूनं मला साडीचोळी घेतली. मी सही केली. मग अप्पांकडं एकच मागितलं, जुन्या साच्यांतला एक साचा. "तुला काय करायचाय साचा? तिकडं काय कमी हाय का?" असं म्हणाले, आणि दिला नाही. बसूनं पुढं कारखाना बंद केला, जागा मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं दिली आणि साचे भंगारात घातले. हे मला अव्वानं फोनवर सांगितलं, तेही भाजीपाल्याचं बोलता बोलता. मी फोन ठेवला आणि बराच वेळ नळ सोडून त्याच्याखाली हात धरून उभी राहिले.

अप्पा आणि अव्वा टेक्सासला आले ते त्यानंतर काही वर्षांनी, एकदाच. मी आठवडाभर आधीपासून फ्रीजर भरत होते. खरं सांगते, मला त्यांना अमेरिका दाखवायची नव्हतीच. मला त्यांच्या तोंडातनं एकदा ऐकायचं होतं की धंद्याचं कसब माझ्या हातात होतं. शाळेच्या वयापासून ऐकायचं होतं.

मागच्या अंगणात बनियनवर बसलेल्या अप्पांच्या हातात मी आंब्याचं दिलं. त्यांनी आधी खाल्लं नाही. उजेडात धरून काडी सरळ आहे का ते बघितलं, कारखान्यात बघायचे तसंच. काडी सरळ होती. मग घास घेतला. मग चिंच-गुळाचं मागितलं. तेही काडीपर्यंत चोखून खाल्लं. मी पुसायचं फडकं हातात पिळत समोर उभी. माझे केस पिकायला लागलेले, आणि वाट मात्र बारावीच्या निकालाची बघावी तशी बघत होते.

अप्पा म्हणाले, "झ्याक झालंय. हे आपल्या बसूला शिकीव. पुन्यांदा कारखाना घालंल."

मी हातातलं फडकं खाली टाकलं. मी म्हणाले, "अप्पा, कारखान्यावर सही दिली. ह्याच्यावर न्हाय द्यायची. हे माजं हाय."

माझा आवाज चढला होता, मी नाकबूल करत नाही. अव्वा खाली बघत लुगड्याचा काठ सरळ करत बसली. अप्पांनी घरात महेश आहे का ते बघितलं आणि दबक्या आवाजात मला म्हणाले, "पावण्यांच्या घरात हाय आपण. आवाज खाली ठेव."

जावयाला आमच्याकडं पावणंच म्हणतात, त्यात वावगं काही नाही. पण मी त्या अंगणात उभी होते जिथलं गवत मी लावलं होतं, आणि बस सुटताना खिडकीतनं ऐकलेलं ते वाक्य मला आठवलं. तिकडचंच घर तुजं. म्हणजे तेही त्यांनी नुसतं बोलायला म्हटलं होतं तर.

ते परत गेल्यावर बसूचे फोन आले. अक्का, प्रमाण सांग की, अप्पा मागं लागलेत. मी सांगितलं नाही. अप्पांनी माझ्याशी फोनवर बोलणं बंद केलं. अव्वा बोलते, भाजीपाल्याचं.

तुम्ही सगळे कोल्हापूरकर, गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, भेटलात की विचारता, गिरिजा, आता घर कुठलं म्हणायचं? कोल्हापूरचं घर बसूचं आहे. हे घर पावण्यांचं आहे, माझ्या बापानंच सांगितलं. माझ्या वाटणीला फ्रीजरचा वरचा कप्पा आला आहे. महेशनं परवा त्यात मटारची पिशवी ठेवली होती. मी ती काढून ओट्यावर ठेवली आणि माझे साचे परत जागेवर लावले.